तापमान एक, झळा निराळ्या



हवामान बदलाचा विषय निघाला की प्रथम एक आकडा पुढे केला जातो. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीनुसार २०२४ साली पृथ्वीचे सरासरी तापमान औद्योगिक युगापूर्वीच्या तापमानाहून सुमारे १.५५ अंश सेल्सिअसने अधिक होते. पहाटे आणि भर दुपारी यांत पंधरा अंशांचा फरक निमूटपणे सोसणाऱ्या माणसाला या दीड अंशाचे एवढे भय का वाटावे, असा प्रश्न सहजच उद्भवतो. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर ‘सरासरी’ या शब्दात दडलेले आहे. ज्याने वर्षानुवर्षे खतावणी लिहिली आहे, त्याला सरासरीवर किती भिस्त ठेवावी हे चांगले ठाऊक असते. वर्षाची सरासरी विक्री उत्तम असूनही एखाद्या आषाढात गल्ल्यात रोकड नसते, आणि हुंडीची मुदत नेमकी त्याच महिन्यात भरते. पेढ्या बुडतात त्या अशा महिन्यात.

पृथ्वीचा व्यवहारही असाच आहे. समुद्रापेक्षा जमीन अधिक वेगाने तापते आणि उत्तर ध्रुवाकडील प्रदेश जागतिक सरासरीच्या तीन ते चार पट वेगाने तापत आहे. तापलेली हवा अधिक बाष्प धरून ठेवते, म्हणून पाऊस जेव्हा पडतो तेव्हा एकदम कोसळतो. आणि तीच हवा कोरड्या दिवसांत मातीतला ओलावा अधिक ओढून घेते. अवर्षण आणि महापूर ही दोन्ही एकाच कारणाची अपत्ये ठरतात ती यामुळे. परंतु प्रस्तुत विषय आकाशाचा नसून त्याखाली राहणाऱ्या माणसांचा आहे. एकच आघात निरनिराळ्या समाजांवर निरनिराळा का बसतो, कोण सावरतो, कोण कर्जात जातो आणि कोणाला गाव सोडावे लागते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

त्यासाठी दोन त्रिभुज प्रदेश शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. एक नेदरलँड्स, दुसरा बांगलादेश. दोन्ही देश मोठ्या नद्यांच्या मुखाशी गाळावर वसलेले, दोन्ही सखल, दोन्ही दाट वस्तीचे. नेदरलँड्सची सुमारे चतुर्थांश भूमी तर समुद्रसपाटीच्याही खाली आहे. १९५३ च्या ३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारीच्या मधल्या रात्री उत्तर समुद्राला उधाण आले, बांध फुटले आणि त्या देशात १,८३६ माणसे बुडाली. त्या एका रात्रीनंतर त्या राष्ट्राने जे बांधकाम आरंभिले ते चाळीस वर्षांहून अधिक काळ चालले. खाड्यांची मुखे बंद करण्यात आली, काही ठिकाणी उघडझाप करता येतील असे दरवाजे बसविण्यात आले. रॉटरडॅमच्या जलमार्गावरील प्रचंड दरवाजे १९९७ मध्ये पूर्ण झाले. त्यांचा प्रत्येक पाखा दोनशे मीटरहून अधिक रुंद आहे. डिसेंबर २०२३ मधील वादळात पाण्याची पातळी वाढताच ते दरवाजे आपोआप मिटले आणि शहराचे व्यवहार सुरळीत राहिले. संकट येऊन गेले हे अनेकांना वृत्तपत्रांतूनच समजले असेल. विशेष म्हणजे एवढे करूनही ते लोक केवळ भिंतींवर विसंबलेले नाहीत. अलीकडच्या काळात त्यांनी नद्यांना पसरण्यासाठी जागा मोकळी करून दिली. काही शेतकऱ्यांच्या जमिनी पुराच्या पाण्यासाठी राखून ठेवल्या आणि त्यांची घरे व गोठे मातीचे उंच ढिगारे करून त्यांवर हलविले. पाण्याच्या संरक्षणासाठी दरवर्षी रक्कम बाजूला काढता यावी म्हणून कायद्याने स्वतंत्र निधी स्थापन केलेला आहे. 

बांगलादेशाजवळ असे धन नव्हते. नोव्हेंबर १९७० मध्ये भोला बेटावर आणि आसपासच्या किनाऱ्यावर आलेल्या चक्रीवादळात तीन ते पाच लाख माणसे मरण पावली. माणसे मोजण्यासही कोणी उरले नाही, म्हणून आकड्यातच दोन लाखांचे अंतर राहिले. १९९१ च्या वादळात सुमारे १ लाख ३८ हजार मृत्यू झाले. २००७ च्या ‘सिद्र’ वादळात सुमारे साडेतीन हजार. आणि मे २०२० मधील ‘अम्फान’ वादळात, वीस लाखांहून अधिक लोकांना आधीच सुरक्षित स्थळी हलविल्यामुळे, मृतांची संख्या काही दशकांवर थांबली. वादळांचे स्वरूप सारखे नव्हते हे मान्य केले तरी एवढी घट केवळ दैवाने होत नाही. १९७२ पासून तेथे चक्रीवादळ पूर्वतयारीचा कार्यक्रम चालू आहे. त्यात सुमारे ७६ हजार स्वयंसेवक असून निम्म्या स्त्रिया आहेत. ध्वनिक्षेपक घेऊन सायकलवरून फिरणे, निशाणे चढविणे, म्हाताऱ्याकोताऱ्यांना निवाऱ्यात पोहोचविणे हे त्यांचे काम. स्त्री स्वयंसेवकांचे महत्त्व विशेष आहे. कारण पूर्वी परपुरुषांच्या गर्दीत जायचे कसे, या संकोचाने अनेक स्त्रिया घरातच थांबत आणि तेथेच बुडत.

माणसे वाचली, जमीन मात्र वाचली नाही, ही या गोष्टीची दुसरी बाजू. २००९ च्या ‘आयला’ वादळात खुलना आणि सातखीरा जिल्ह्यांतील बांध फुटले आणि भरतीचे खारे पाणी कित्येक महिने शेतात येत-जात राहिले. जेथे भाताला डझनभर हात लागत, तेथे कोळंबीच्या तळ्याला एक-दोन राखणदार पुरतात. मजुरी आटली. गोड्या पाण्यासाठी स्त्रियांच्या फेऱ्या वाढल्या. घरातील तरुण मुलगे-मुली ढाक्याला गेली आणि त्यांतील अनेकजणी शिवणयंत्रासमोर बसल्या. त्या देशाच्या निर्यातीचा चार-पंचमांशाहून अधिक भाग तयार कपड्यांचा आहे. युरोप-अमेरिकेतील दुकानांत टांगलेल्या सदऱ्यांवरील शिलाईत खाऱ्या झालेल्या शेताचाही वाटा असतो, हे त्या सदऱ्याच्या किमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते. ढाक्यात भोला बेटाच्याच नावाने ओळखली जाणारी वस्ती आहे. नदीने जमीन खाल्लेली आणि वादळाने उठविलेली माणसे तेथे येऊन राहिली. गाव गेले, नाव तेवढे सोबत आले.

आता गाळाच्या प्रदेशाकडून अगदी विरुद्ध भूमीकडे वळू या. मंगोलिया हा समुद्रापासून दूर, थंड आणि कोरडा देश. गेल्या सुमारे ऐंशी वर्षांत तेथील सरासरी तापमान दोन अंशांहून अधिक वाढले. थंड देश थोडा उबदार झाला तर बरेच झाले, असे कोणाला वाटेल. प्रत्यक्षात मेंढपाळांचे मरण ओढवले. उन्हाळा कोरडा गेला की गवत वाढत नाही, जनावरांच्या अंगावर चरबी चढत नाही, आणि पाठोपाठ कडक हिवाळा आला की ती उभ्या उभ्या मरतात. बर्फ मध्येच वितळून पुन्हा गोठला तर जमिनीवर काचेसारखा थर बसतो. खाली गवत असूनही खुराने फोडता येत नाही. या आपत्तीला मंगोल भाषेत ‘झुद’ म्हणतात. २००९-१० च्या झुदमध्ये देशातील पशुधनाचा सुमारे पाचवा हिस्सा नष्ट झाला. २०२३-२४ च्या हिवाळ्यात सत्तर लाखांहून अधिक जनावरे दगावली.

येथे दोष सर्वस्वी हवामानाच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. १९९० नंतर जुनी सहकारी व्यवस्था मोडली, बाजार खुला झाला आणि काश्मिरी लोकरीला जगभर मागणी आली. मेंढपाळांनी शेळ्या वाढविल्या. ही लोकर पुरविणाऱ्या देशांत चीनच्या खालोखाल मंगोलियाचाच क्रमांक लागतो. शेळी गवत बुडापासून ओरबाडते. कुरण उघडे पडते. एके काळी श्रीमंतांच्याच अंगावर दिसणारी ही लोकर पुढे कोणत्याही मोठ्या दुकानात स्वस्त मिळू लागली, तेव्हा हा स्वस्तपणा कोणाच्या कुरणातून येतो याची चौकशी व्यापाऱ्यांनी केली नाही आणि ग्राहकांनीही नाही. ज्याची जनावरे मेली त्याचे भांडवल, दूध, इंधनाची शेणी आणि बँकेकडील तारण ही सारी एकाच रात्री जातात. असे कुटुंब आपला तंबू गुंडाळून उलानबातरच्या कडेला येऊन उतरते. देशाची जवळजवळ निम्मी लोकसंख्या आज त्या एका शहरात आहे आणि तंबूंतून जाळल्या जाणाऱ्या कोळशाने हिवाळ्यात तेथे श्वास घेणे कठीण होते.

तथापि याच देशाने एक उपाय योजिला, तो व्यापारी दृष्टीला विशेष पटण्यासारखा आहे. २००६ मध्ये तेथे पशुविम्याचा नवा प्रयोग सुरू झाला. एकेका मेंढपाळाची किती जनावरे मेली हे विमा कंपनी पाहत नाही. त्या तालुक्यात एकूण किती टक्के जनावरे मेली यावर भरपाई ठरते. त्यामुळे बर्फातून पंचनाम्याला जावे लागत नाही, खोटे दावे होत नाहीत, आणि ज्याने काळजी घेऊन आपली जनावरे वाचविली त्यालाही भरपाई मिळते. जपणाऱ्याला दंड आणि निष्काळजी माणसाला बक्षीस, असा जो विम्याचा नेहमीचा दोष, तो येथे टळतो.

धन असले म्हणजे समाज सुरक्षित, असा निष्कर्ष नेदरलँड्सवरून काढला जाईल. तो फ्रान्सने खोटा ठरविला. २००३ च्या उन्हाळ्यातील उष्णतेच्या लाटांत युरोपात सत्तर हजारांच्या आसपास अधिकचे मृत्यू झाले, त्यांपैकी सुमारे पंधरा हजार एकट्या फ्रान्समध्ये. रुग्णालये होती, रुग्णवाहिका होत्या, औषधे होती. परंतु ऑगस्ट हा सुटीचा महिना. मुले-सुना समुद्रकिनारी गेलेल्या, डॉक्टरही रजेवर, आणि पॅरिसमधील जुन्या इमारतींच्या पत्र्याच्या छपराखालील खोल्यांतून एकटी राहिलेली वृद्ध माणसे. कित्येकांचे दार कोणी ठोठावलेच नाही. शेवटी ज्यांचे कोणी न्यायला आले नाही अशा मृतांच्या दफनास राष्ट्राध्यक्ष शिराक स्वतः उपस्थित राहिले. दुसऱ्याच वर्षी त्या देशाने उष्णतेसाठी राष्ट्रीय योजना आखली.

अहमदाबादचा अनुभव याच्या जोडीने सांगितला पाहिजे. मे २०१० मध्ये त्या शहराचा पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा सुमारे १,३४४ मृत्यू अधिक झाले. २०१३ मध्ये महानगरपालिकेने उष्णतेचा कृती आराखडा तयार केला; दक्षिण आशियातील तो पहिलाच. आराखड्यात आश्चर्यकारक असे काही नव्हते. आदल्या दिवशी इशारा द्यावयाचा, पाणपोया आणि बागा अधिक वेळ उघड्या ठेवावयाच्या, रुग्णालयांत बर्फाची तयारी ठेवावयाची, बांधकामावरील मजुरांना दुपारी विश्रांती द्यावयाची, आणि झोपडपट्टीतील छपरांवर पांढरा चुना मारावयाचा. अभ्यासकांच्या अंदाजाप्रमाणे या साध्या उपायांनी पहिल्या काही वर्षांत दरसाल सुमारे अकराशे ते बाराशे मृत्यू टळले. चुन्याच्या डब्याची किंमत काय, आणि रॉटरडॅमच्या दरवाजांची काय! काही आघातांना मोठे भांडवल लागते, काहींना वेळेवर दार ठोठावणारा मनुष्य पुरतो. कोणत्या आघाताला काय लागते हे न ओळखता केलेला खर्च मात्र दोन्हीकडे वाया जातो.

जेथे ना दरवाजे, ना इशारा, ना गाठीशी शिल्लक, अशा समाजाचे काय होते, हे २०२२ साली सिंध प्रांतात दिसून आले. त्या वर्षी मे महिन्यात जेकबाबादचा पारा ५१ अंशांपर्यंत गेला होता. त्यानंतर पाऊस असा सुरू झाला की ऑगस्टमध्ये सिंध आणि बलुचिस्तानात नेहमीच्या सात-आठ पट पाणी पडले. पाकिस्तानात तीन कोटी तीस लाख लोकांना झळ पोहोचली आणि सतराशेहून अधिक मृत्युमुखी पडले. सिंध हा ताटासारखा सपाट प्रदेश आहे. पाणी आले ते उतरेना. सप्टेंबरात मंचर सरोवर तुडुंब भरले, तेव्हा सेहवानसारखी शहरे वाचावीत म्हणून सरोवराचा बांध मुद्दाम फोडण्यात आला आणि सुमारे एक लाख ग्रामीण लोकांची घरे पाण्याच्या वाटेवर आली. संकटसमयी कोणाला वाचवायचे आणि कोणाच्या अंगणात पाणी सोडायचे, याचा निर्णय प्रत्येक समाजात कोणी ना कोणी घेतच असतो. तो कोणाच्या विरुद्ध जातो हे सहसा सांगावे लागत नाही.

मोहेंजोदडोच्या विटांचेही त्या पावसात नुकसान झाले. तेथील उत्खननात चांदीच्या एका भांड्याला चिकटून राहिलेला सुती कापडाचा लहानसा तुकडा मिळाला होता. भारतीय उपखंडातील विणलेल्या सुताचा तो अतिप्राचीन अवशेष. चार हजार वर्षांहून अधिक काळ ज्या भूमीत कापूस पिकत आला, तेथेच त्या वर्षी उभी बोंडे पाण्यात कुजली. पाकिस्तानचे कापसाचे उत्पादन आदल्या वर्षीच्या सुमारे ८३ लाख गाठींवरून ४९ लाखांवर आले. गिरण्यांनी परदेशातून रुई मागविली आणि सूत पुन्हा चालू झाले. वेचणीच्या मजुरीवर ज्यांचे हिवाळ्याचे धान्य अवलंबून असते त्या स्त्रियांना मात्र परदेशी रुईचा काही उपयोग नव्हता. तेथील ‘हारी’ म्हणजे बटाईने शेती करणारा कूळ. बियाणे, खत, घरखर्च, आजारपण या सर्वांसाठी तो जमीनदाराकडून उचल घेतो आणि पिकातून फेडतो. पीक बुडाले तर उचल राहते, तिच्यावर पुढील वर्षाची उचल चढते. पूर ओसरला तरी खात्यावरील बाकी ओसरत नाही. मराठवाड्यातील आणि विदर्भातील कोरडवाहू कापूसवाल्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्या पाण्याने शहराची तहान भागली; शिवारातील थकलेली बाकी जेथल्या तेथे राहिली.

आता हिशेबाकडे येऊ. त्या पुरातील नुकसान आणि बुडालेले उत्पन्न मिळून तीन हजार कोटी डॉलरच्या घरात गेले. जगाच्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात पाकिस्तानचा वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे. याउलट औद्योगिक क्रांतीपासून आजवर हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे एक-चतुर्थांश एकट्या अमेरिकेचा आहे, आणि संपूर्ण आफ्रिका खंडाचा सुमारे तीन टक्के. भारताचा एकूण जुना वाटा अल्प असला तरी आज वार्षिक उत्सर्जनात तो तिसऱ्या स्थानी आहे, हेही लपविण्याचे कारण नाही. जानेवारी २०२३ मध्ये जिनिव्हा येथे पाकिस्तानला नऊशे कोटी डॉलरहून अधिक मदतीची आश्वासने मिळाली. त्यांतील फार मोठा भाग कर्जरूपाने होता. ज्याच्या घरात दुसऱ्याच्या धुरामुळे पाणी शिरले, त्याला दुरुस्तीसाठी व्याजाने पैसे देण्यास मदत म्हणावे की नाही, हे कोणत्याही पेढीवरचा मुनीम सांगू शकेल.

याच जाणिवेतून २०२२ मध्ये शर्म-अल-शेख येथील परिषदेत ‘हानी व नुकसान’ निधीचा निर्णय झाला आणि २०२३ मध्ये दुबईत तो कार्यान्वित झाला. आश्वासने मिळाली ती सुमारे सत्तर-पंच्याहत्तर कोटी डॉलरची. एका देशातील एका पुराचे नुकसान तीन हजार कोटी, आणि साऱ्या जगातील पीडितांसाठीची तिजोरी ही एवढी. जुलै २०२५ मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिलेल्या सल्लागार मतात, हवामानाचे रक्षण करणे हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य असून ते मोडल्यास भरपाईचाही प्रश्न उपस्थित होऊ शकतो, असे म्हटले. हे प्रकरण न्यायालयापर्यंत नेण्याची कल्पना पॅसिफिक बेटांवरील कायद्याच्या विद्यार्थ्यांची, आणि पाठपुरावा केला तो वानुआतू या चिमुकल्या देशाने. मोठ्यांचे मोठेपण अशा वेळी दिसत नाही. सल्लागार मतावर हुकूमनामा निघत नाही, हे खरे. परंतु थकबाकी आहे एवढे तरी आता अधिकृतपणे नोंदले गेले.

शेवटी ज्यांच्यासाठी हा हिशेब फार उशिरा होत आहे, अशा एका देशाची हकीकत. पॅसिफिक महासागरातील तुवालू हा नऊ बेटांचा देश. लोकसंख्या सुमारे अकरा हजार, आणि बहुतेक जमीन समुद्राहून दोन-तीन मीटरच उंच. मोठ्या भरतीला पाणी जमिनीतूनच वर झिरपते आणि कंदांची शेती खारी होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये तुवालूने ऑस्ट्रेलियाशी करार केला आणि तो ऑगस्ट २०२४ पासून अमलात आला. त्यानुसार दरवर्षी २८० तुवालूवासीयांना ऑस्ट्रेलियात कायम राहण्याचा परवाना मिळेल. नावे सोडतीने निघतील. २०२५ च्या पहिल्या सोडतीत नोंदविलेल्या कुटुंबीयांसह देशातील तीन-चतुर्थांशाहून अधिक लोकांची नावे आली. साधा भागाकार केला तरी अकरा हजारांना या गतीने एकोणचाळीस वर्षे लागतील. त्याच देशाने २०२३ मध्ये आपली राज्यघटना सुधारून, समुद्राने भूमी गिळली तरी तुवालू हे राष्ट्र कायम राहील, असे कलम घातले. आणि राजधानी फुनाफुटीच्या किनाऱ्याशी वाळू उपसून समुद्रात सुमारे सात हेक्टरांची नवी, उंच जमीन तयार केली. अर्जाच्या यादीत नाव असलेली माणसे त्याच नव्या जमिनीवर संध्याकाळी फिरायला येऊ शकतात.